मऊ नळी

अमरावती,
नोव्हेंबर २०११

प्रिय साधना (रागावलेली असलीस तरी प्रियच),

फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून हे पत्र. रविवारी घरी अकोल्याला गेले होते, तिथे तुझे गोपाळभाऊ भेटले. कापूस घेऊन आले होते आणि भाव ऐकून तोंड कडू करून उभे होते. त्यांच्याकडून कळलं, की हिवरखेडच्या शाळेत तू विज्ञान शिकवतेस, पण प्रयोगाचा तास दुसऱ्या बाईंना देऊन टाकतेस. विचारलं तर म्हणतेस म्हणे, "माह्या हाताले काही जमत नाही." ते ऐकल्यापासून मला चैन नाही.

इथे आपल्या प्रयोगशाळेत सगळं तसंच आहे, मीच थकलेय. भारनियमनाने जीव नको केलाय. वीज जाते, आम्ही खिडकीत बसतो; वीज येते, पुन्हा पाणी तापवा, पुन्हा पंप लावा. रविवारी पॅसेंजरने अम्मीचे गुडघे चेपायला जायचं, सोमवारी परत. यंदा पिकाने दगा दिला, तर वसतिगृहातल्या बऱ्याच मुली दिवाळीला गेल्या त्या परतल्याच नाहीत. कधीकधी वाटतं, मीही बॅग भरावी.

नळीची कल्पना तुझीच, आठवतं? चंबूत पॉलिमर करायला बसलं की मध्येच वीज जायची आणि अख्खा घाणा वाया. तू म्हणालीस, रसायन थोडं थोडं नळीतून सोडू, वीज गेली तर नळीत असेल तेवढंच जाईल. आपले मार्गदर्शक सर हसले होते, पण कल्पना खरी होती. आपल्या पद्धतीत रेणूंच्या साखळ्यांची टोकं जरा झोपतात, जरा जागी होतात, म्हणून सगळ्या सारख्या वाढतात. फक्त हवा शिरता कामा नये. शिरली की वाढच सुरू होत नाही, रसायन घट्ट होत नाही. तू बाटलीत नायट्रोजनचे बुडबुडे सोडत बसायचीस, मग ते रसायन गरम पाण्यातल्या पारदर्शक मऊ नळीच्या वेटोळ्यातून जायचं आणि दुसऱ्या टोकाला पाण्यासारखं पातळ यायचं. वर्षभर पातळच. शेवटी सर सगळ्यांसमोर म्हणाले, हिचा हात हलगर्जी आहे. आपली झाडलोट करणारी गोदाबाई अजून हळहळते, "थे पोरगी दहादा हात धुये, मंग बाटलीले हात लावे वो!" त्याच आठवड्यात तू गेलीस.

गेल्या महिन्यात वीज गेली आणि रसायन नळीत तसंच अडकून राहिलं. वैतागून सगळं सोडवायला घेतलं. दोन वेटोळी जोडायला तू स्टीलचा बोटभर तुकडा बसवला होतास ना, त्यातून काही निघेना. तारेने कोरलं तर आत घट्ट चीक. दोन्ही बाजूंच्या मऊ नळीत मात्र तेच रसायन पाण्यासारखं पातळ. स्टीलमध्ये घट्ट आणि मऊ नळीत पातळ, हे कसं ग?

चुलतभाऊ गुलफाम अकोल्यात फ्रिज दुरुस्त करतो. त्याच्याकडून तांब्याची नळी आणली. "आपा, बर्फ जमाना है क्या?" म्हणून हसत होता. नाहीतरी आपल्या रसायनात तांबं लागतंच. मग एकाच बाटलीतलं रसायन अर्धं मऊ नळीतून सोडलं, अर्धं तांब्यातून. कृती तुझी, प्रमाण तुझं. मऊ नळीतून पातळ आलं. तांब्यातून मधासारखं.

सरांना दाखवलं. "बरं," म्हणाले आणि सह्या करत राहिले. त्यांच्याकडून कशाचीही वाट पाहू नकोस. मला तेव्हा इतका राग आला, की जेवणही गेलं नाही.

परत यायचं की नाही ते तुझं तू ठरव. मीच किती टिकेन, ठाऊक नाही. मला एवढंच तुझ्या कानावर घालायचं होतं, की हवा त्या नळीच्या भिंतीतून आत येत होती, साधना. तू रोज निगुतीने हवा काढत होतीस आणि नळी रोज ती परत आत घेत होती. तुझा हात कधीच चुकला नव्हता. येत्या रविवारी गोपाळभाऊंजवळ एक लहान बाटली देते. प्रयोगाचा तास तूच घे, ती तिरपी कर आणि आतलं किती सावकाश सरकतं ते मुलांना दाखव. कोणी बनवलं विचारलं, तर स्वतःचं नाव सांग.

तुझं टेबल अजून कुणाला न दिलेली,
तुझीच
महेजबीन