आमच्यात काय म्हणतात

पप्पा, तो अमेरिकन साहेब निर्दोष होता. हे कळवायला फार उशीर झालाय, आणि तुम्ही असता तरी आधी मलाच विचारलं असतं, तुला हे कुणी पढवलं म्हणून. तुमचा तो स्वभाव माझ्यात जसाच्या तसा उतरलाय. नाक तेवढं आईचं. इथे मस्कतमध्ये मवालेहच्या बाजारात भाजीवाला वजन करायच्या आधी हसला, तरी मी काट्याकडे बघतो. ऑफिसात नवा मराठी माणूस आला आणि पहिल्याच चहाला त्यानं 'तुम्ही मूळचे कुठले' विचारलं, की माझी पाठ आपोआप ताठ होते.

रुवीच्या त्या फ्लॅटमध्ये आपण किती जपून राहायचो. हॉलमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा गणपती, आणि बेडरूमच्या कपाटात, दाराच्या आतल्या बाजूला, बुद्धाची तसबीर. गावाच्या नावाला 'कर' लावून तुम्ही आडनाव करून घेतलं होतं, त्यावरून कुणाला काही कळायचं नाही. पण आपली माणसं एका प्रश्नावर थोडीच थांबतात? मूळचे कुठले, गावात घर कुठल्या बाजूला, कुलदैवत कोणतं. तुमची उत्तरं तयार असायची आणि आम्हालाही ती पाठ होती. वरच्या मजल्यावरच्या काकू अनारशांचं ताट घेऊन यायच्या. म्हणायच्या, "आमच्यात यावर खसखस जास्त लावतात. तुमच्यात हो?" आई तुमच्याकडे बघायची. तुम्ही पेपरमधून मान वर न करता म्हणायचात, "आमच्यात पण असंच." काकू गेल्यावर आई अनारसा हातात घेऊन उलटसुलट बघायची. तिनं जन्मात कधी अनारसा केला नव्हता. नागपूरच्या माहेरी तिचे वडील रस्त्यात भेटेल त्याला खणखणीत जयभीम घालायचे, आणि इथे तुम्ही गावाला फोन लावलात की तोच शब्द हाताचा आडोसा करून म्हणायचात.

अशा घरात तो साहेब आला. कुरुमच्या तुमच्या ऑफिसात प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून आलेला, उंच, काळा, मोठ्यानं हसणारा. आम्ही मुलं त्याला अंकल म्हणायचो. तो स्वतःच्या हातानं तुमच्या टेबलावर कॉफी आणून ठेवायचा, यावरच तुमचा पहिला संशय. "साहेब माणूस कॉफी आणून देतो म्हणजे याला काहीतरी काढून घ्यायचंय," असं तुम्ही आईला सांगितलं होतं. तरीही हळूहळू तुमचं जमलं. त्याच्याबरोबर तुम्ही जसे हसायचात तसे दुसऱ्या कुणाबरोबर हसलेले मला आठवत नाहीत. तो शुक्रवारी जेवायला यायला लागला, तेव्हा काकूंनी जिन्यात आईला गाठून हळूच विचारलं, "तो काळा साहेब तुमच्याकडे जेवतो ना, त्याची भांडी वेगळी ठेवता का हो?" आई गंभीरपणे "नाही" म्हणाली, घरात आली, स्वयंपाकघराचं दार लावलं आणि ओट्याला टेकून इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मलाही हसू आलं होतं. ती नक्की कशाला हसत होती हे मात्र पुष्कळ वर्षांनी समजलं.

एका शुक्रवारी जेवताना तो त्याच्या आजीच्या बहिणीची गोष्ट सांगतो. ती रंगानं एवढी उजळ, की अनोळखी गावात गोरी म्हणून खपून जायची. तरुणपणी ती दूरच्या शहरात गेली, गोऱ्या माणसाशी लग्न केलं आणि गोरी होऊन राहिली. तुम्ही हातातला घास ताटात ठेवता आणि विचारता, "नवऱ्याला कळलं नाही?" नाही. "मुलांना?" नाही. "मग माहेरचं कुणी कधी तिकडे गेलं, काही बोललं?" तो म्हणतो, कुणी काही बोललं नाही, घरच्यांनी तेवढं सांभाळलं. फक्त तिची आई वारली तेव्हा ती मातीला आली नाही, कारण आली असती तर कुणाच्या शेजारी उभी राहिली असती? मग भात कालवत तो म्हणतो, "तिला लपता आलं. मला हा चेहरा घेऊन कुठे लपता येणार? कधी वाटतं सुटलो, कधी तिचा हेवा वाटतो." तो गेल्यावर तुम्ही बराच वेळ येरझाऱ्या घालत होतात. "ही गोष्ट यानं मलाच का सांगितली?" असं आईला दोनदा विचारलंत. आई ताटं उचलत राहिली.

त्यानंतरची दिवाळी. मराठी मंडळींनी हॉल घेतला होता. तुम्हाला अमेरिकन पाहुणा मिरवायचा होता, म्हणून तुम्ही त्याला घेऊन आलात. त्यानं बाजारातून झब्बा आणलेला, बाह्या आखूड. दारात मंडळाचे सगळ्यात वडीलधारे काका अत्तर लावायला उभे. अंकलनं त्यांच्यासमोर हात जोडले, मान लववली, आणि त्याच्या त्या भरदार आवाजात हॉलभर ऐकू जाईल असं म्हणाला, "जयभीम!" मग तुमच्याकडे वळून, खुशीत, "नीट म्हटलं ना?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. काकांनी अत्तराचा फाया बोटातच धरून ठेवला आणि इंग्रजीत विचारलं, "हे कुठे शिकलात तुम्ही?" अंकल तुमच्या बाजूला हात करणार, तेवढ्यात तुम्ही हसत म्हणालात, "साइटवरच्या लेबरकडून उचललं असेल." अंकलनं तुमच्याकडे पाहिलं. मग आईकडे. त्याचा हात खाली आला, आणि तो म्हणाला, हो, साइटवरच ऐकलं. आई तुमच्या शेजारीच होती, नवीन पैठणीत. तिनं पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि फराळाच्या टेबलाकडे गेली.

परत येताना गाडीत तुम्ही स्टिअरिंगवर हात आपटलात. "मुद्दाम केलं त्यानं. ती आजीच्या बहिणीची गोष्ट उगाच नव्हती. फोनवर माझं बोलणं ऐकलं, कुणाला तरी अर्थ विचारला, आणि सगळ्यांसमोर माझं धोतर फेडलं." आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "त्याला काय मिळणार त्यातून?" तुम्ही म्हणालात, "खलास. तो विषय संपला."

विषय कसला संपतोय. काकूंचं पुढच्या वर्षी अनारशांचं ताट आलं नाही. त्या म्हणाल्या गुडघे दुखतात, आणि खरंच लंगडत होत्या. मंडळाच्या नाटकात माझं काम दुसऱ्या मुलाला गेलं. तो माझ्यापेक्षा बरा बोलायचा, हेही खरं. प्रत्येक गोष्टीला एक सरळ कारण असायचं आणि आपल्या घरात त्यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही. कुणी तोंडावर बोललं असतं तर निदान भांडता आलं असतं. अंकलशी मात्र तुम्ही कामापुरतंच बोलायला लागलात. कंत्राट संपल्यावर तो निरोप घ्यायला घरी आला, तेव्हा तुम्ही बेडरूममध्ये होतात आणि आईला सांगावं लागलं, बाहेर गेलेत. तुमच्या बुटांचा जोड दारातच होता, तो त्यानं पाहिला. चहा घेताना त्यानं आईला विचारलं, "मी चुकीचं म्हटलं होतं का?" आई म्हणाली, "नाही. बरोबर म्हटलंत." मला वाटलं, उच्चाराचं चाललंय.

तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी मला इथेच नोकरी लागली, तुमच्या जुन्या ऑफिसच्या मागच्याच गल्लीत, आणि आईला मी घेऊन आलो. परवा ती टीव्ही बघत होती. अमेरिकेत काळा माणूस अध्यक्ष झालाय, तो बायकोमुलींना घेऊन शपथेला चाललेला. आई म्हणाली, "यांना लपवता येत नाही तेच बरं आहे." मग म्हणाली, "साहेबांना तो शब्द मी शिकवला होता."

मी टीव्हीचा आवाज बंद केला. तिनं शांतपणे सांगितलं. तुम्ही एका शुक्रवारी खाली बर्फ आणायला गेला होतात. त्यानं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलं, तुमच्यात एकमेकांना भेटल्यावर काय म्हणतात? "मस्कतमध्ये 'तुमच्यात' म्हणून मला किती जणांनी विचारलं असेल," आई म्हणाली. "याच्या एकट्याच्या विचारण्याची भीती नाही वाटली. मी आमच्यात जे म्हणतात ते सांगितलं."

तिच्यावरही मला संशय आला पप्पा, लपवत नाही. मी विचारलं, तो दिवाळीला हॉलमध्ये सगळ्यांसमोर म्हणेल हे तुला ठाऊक होतं? तिनं साडीची किनार सरळ केली. "मीच म्हटलं होतं त्यांना, दिवाळीला म्हणा म्हणून." का? "जयभीम म्हटलं की माणूस जयभीम म्हणतोच. विचार करत नाही, तोंडातून निघतंच. आमचे वडील झोपेत उत्तर द्यायचे. मला वाटलं, तेवढ्या माणसांत तुझ्या पप्पांच्या तोंडून एकदा निघून जाईल, मग पुढचं सगळं सोपं होईल. मी अगदी शेजारी उभी होते, ऐकायला."

म्हणजे तुम्ही एवढी वर्षं चुकीच्या माणसावर रागावलात, आणि बरोबरच्या माणसानं तुमच्यासोबत संसार केला. हे पत्र मी कुठेही पाठवणार नाही. ती आत झोपलीय, कागद तिच्या हाती लागला तर तिला वाटेल मी तिची तक्रार करतोय. तसं नाहीये. काल तिनं मला विचारलं, "तू असतास यांच्या जागी, तर दिलं असतंस उत्तर?" मी लगेच हो म्हणालो. तिनं मान डोलावली आणि पुढे काही विचारलं नाही. मी खोटं बोललोय हे तिला कळलं असावं, असा मला संशय आहे.