शेंड्यावरचं ऊन

कंग्राळी, बेळगाव
मे महिन्यातला शेवटचा रविवार, ऊन अजून अंगणात

तीर्थरूप आक्का,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून (दुखऱ्या गुडघ्याला धक्का न लावता) तुझ्या लेकाचा, जिनपालचा जय जिनेंद्र. गुडघा कसा आहे? तेल चोळतेस, की बाटली देवळीत उभी करून नुसती तिच्याकडं बघतेस? म्हैस पुन्हा दूध द्यायला लागली का? इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत. म्हणजे मी बेळगावात खुशाल आहे, चंदना प्रियाला घेऊन चिकोडीला माहेरी खुशाल आहे, आणि तू गावात एकटी खुशाल आहेस असं तू सांगतेस. फोनच केला असता, पण तुझ्या फोनमधून तुझा आवाज इकडं येतो, इकडचा तिकडं जात नाही. दोन वाक्यं झाली की तू "बरं, बरं" म्हणतेस आणि फोन पिठाच्या डब्यावर ठेवून देतेस. म्हणून हे पत्र. तुला बोलावण्यासाठी हे लिहीत नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो. "मी गाव सोडून येणार न्हाय, तुमी जावा," असं तू माझी बदली झाली त्याच दिवशी म्हणालीस, आणि तुझा शब्द मोडायची आपल्या घरात कुणाची टाप नाही.

तर बातमी अशी, की घर मिळालं. त्याच घराच्या कट्ट्यावर बसून लिहितोय. मी सध्या राहतो त्या जैन बोर्डिंगच्या खाणावळीतला डबा शेजारी आहे (दोडक्याची भाजी, भाकरी, ताक), आणि जेवायला अजून भरपूर उजेड आहे, तेव्हा काळजी करू नकोस.

घर शोधायला मला एवढा वेळ का लागला, असं तू विचारशील. तर त्याला तूच कारण आहेस. गेल्या चातुर्मासात महाराजांच्या पुढं सगळी मंडळी रात्री न जेवण्याचा नियम घेत होती. मी चपला शोधत होतो. तू माझा हात धरून वर केलास आणि म्हणालीस, "ह्यो बी घेतोय." घेतला. गावात तो पाळायला काही लागलंच नाही. पतसंस्था घरापासून हाकेच्या अंतरावर. संध्याकाळी तू कट्ट्यावर उभी राहून ओरडायचीस, "जिनपाल, ऊन शेंड्यावर आलं रं," आणि मी समोरच्या गिऱ्हाईकाला तसाच बसवून घरी येऊन जेवून परत जायचो. (दोन घटका आधीच आटपावं असं शास्त्र सांगतं, पण तू मला नारळाच्या शेंड्यापर्यंत सवलत दिली होतीस.) मग पतसंस्थेनं बेळगावच्या मोठ्या शाखेत पाठवलं, आणि इथं ऑफिस सुटतं सहाला.

त्यात चंदनाची अट. "शाळा सुरू व्हायच्या आत आमी येतो. पर संध्याकाळी तुमी आमच्यासंगं जेवाय बसणार असला तरच. तुमी उपाशी भितीला टेकून बसायचं आणि आमी घास गिळायचा, ह्ये मला जमणार न्हाय." म्हणजे सूर्याच्या आधी मी पोचेन असं घर मिळालं तर माझा संसार एका ताटाळ्यात, नाही तर मी बोर्डिंगात आणि त्या दोघी चिकोडीत. आक्का, रात्री उपाशी झोपायला माझी हरकत नाही, पोट काय, दोन पेले पाणी आधी पिऊन गप्प बसवता येतं. पण प्रिया बाजूला नसताना जेवायला बसलो की भाजीत मीठ आहे की नाही हेसुद्धा मला कळत नाही.

मग मी एक युक्ती काढली. भरमा म्हणून एक घरं दाखवणारा एजंट गाठला. रोज ऑफिस सुटलं की डबा स्कूटरला अडकवायचा, भरमानं सांगितलेल्या भागात जायचं, रिकाम्या घरासमोर बसायचं आणि जेवायचं. सूर्य असेपर्यंत जेवण झालं तर तो भाग पास. लोक घर बघायला जातात तेव्हा नळाला पाणी किती वाजता येतं ते विचारतात. मी पाणी विचारलंच नाही, हे मात्र चंदनाला कळवू नकोस.

पहिल्या दिवशी अनगोळकडं निघालो. वाटेत रेल्वे गेट पडलं. मालगाडी अशी आली, की इंजिन गेल्याचं लोक विसरले तरी डबे येतच होते. सूर्य पलीकडं, मी अलीकडं. शेवटी स्कूटरच्या सीटवरच डबा उघडला. मागचा रिक्षावाला उतरून आला आणि फार मायेनं म्हणाला, "ऊट आतेनरी?" (जेवण झालं काय, असं इकडं विचारतात.) मी तोंडात घास असल्यानं मान हलवली. तोपर्यंत गेट उघडलं, मागच्यांनी हॉर्न सुरू केले, आणि मी उरलेली भाकरी हँडलवर धरून अनगोळला पोचलो. नियम मोडला नाही, पण रोज गेटात जेवणाऱ्याला घर कशाला पाहिजे?

दुसऱ्यांदा शहापूर. इथं देवदर्शनाला बस्ती चालत जाण्यासारखी, गल्लीत आपलीच घरं, मला वाटलं आता चंदनाला उद्याच आणावं. कट्ट्यावर डबा उघडला तोच समोरचे एक काका आले. गाव कुठलं? निपाणीकडचं म्हटल्यावर त्यांनी आत हाक मारली आणि आणखी दोघं आले. मगदूम म्हणजे कुठले मगदूम? आजोळ कुठलं? तुझी थोरली मावशी भोजला दिलेली ती का? आपल्या माणसांनी नातं लावायला घेतलं की मध्ये घास घेणं बरं दिसत नाही, हे तूच शिकवलंस. ती सगळी मंडळी स्वतः केव्हाच जेवून निवांत बसली होती. शेवटी मी त्या काकांच्या मेव्हण्याचा चुलत साडू निघालो, सगळ्यांना फार आनंद झाला, आणि वर बघतो तर दिवेलागण झालेली. काका म्हणाले, "अरे, डबा उघडलेलास नव्हं? मग जेवला का न्हाईस?" त्या रात्री मी पाणीसुद्धा रागानंच प्यायलो नाही. (शिवाय ते चाललंही नसतं.)

भरमाला मी माझी अडचण नीट समजावून सांगितली. त्यानं मला सदाशिवनगरात एका अपार्टमेंटच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर नेलं. म्हणाला, "सर, टेन्शन घेऊ नगासा. खालच्यापेक्षा वर सूर्य जास्त टिकतोय. तुमच्या लोकास्नी ह्येच पायजे." आणि खरंच, गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून मी अगदी सावकाश जेवलो. सूर्य समोर होता, वारा होता, भरमा कौतुकानं बघत होता. मग खाली उतरलो तर वॉचमननं देवापुढं उदबत्ती लावलेली आणि रस्त्यावरचे दिवे लागलेले. आता वर दिवसा जेवलेला माणूस खाली आल्यावर रात्री जेवलेला ठरतो का? मनाला लागलं म्हणून बोर्डिंगच्या पंडितजींना विचारलं. ते म्हणाले, "लिफ्टनं उतरलात का जिन्यानं?" मी तो फ्लॅट सोडला. (ऊन आता अंगणातून निघून समोरच्या भिंतीवर गेलंय. पत्र संपतच आलं.)

कंग्राळीला भरमा यायलाच तयार नव्हता. "खेडंच की सर ह्ये," म्हणाला. मी म्हटलं, मी तरी कुठला लंडनचा? गावाच्या कडेला शेताच्या तोंडाशी हे घर. मालक मष्णू सकाळी शेत बघतो आणि मग शहरात कारखान्यात जातो, बायको शालूबाई घर आणि जनावरं बघते. शेजारी शेजारी दोन घरं, मधे एकच अंगण. मी जाऊन कट्ट्यावर डबा उघडला. शालूबाई दारातून बघत राहिली. दुसऱ्याच्या कट्ट्यावर बसून एकटा जेवणारा माणूस म्हणजे घरात भांडून आलेला, असा तिचा समज झाला. आत जाऊन तिनं ताटलीभर गरम झुणका आणला.

मी म्हटलं, कांदा-लसूण चालत नाही. बटाटा? चालत नाही. गाजर, मुळा? नाही. आणि आता थोड्या वेळानं काहीच चालणार नाही. ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "मग तुमी लोक जगतासा कशावर?" मग गूळ आणि भाजलेल्या शेंगा घेऊन आली. शेंगा चालतात म्हटलं. ती म्हणाली, "अण्णा, शेंगा बी जमिनीतच येत्यात की." मी म्हटलं, येतात, पण चालतात. तिनं मष्णूकडं बघितलं, मष्णूनं आभाळाकडं बघितलं, आणि शेंगा माझ्या पुढ्यात आल्या. अशी शेजारीण मिळायला भाग्य लागतं, आक्का. दुसऱ्या दिवशी गेलो तर तिनं माझ्यासाठी बिनकांद्याचं पिठलं वेगळं झाकून ठेवलं होतं. भाकरी झाली, ताक झालं, चूळ भरून झाली, तरी शेतावर सूर्य शिल्लकच होता. मी त्याच जागेवर बसून मष्णूला होकार दिला.

घर साधंच आहे. चूल पश्चिमेच्या खिडकीशी, म्हणजे चंदनाला भाकरी थापताना उजेड किती राहिला ते दिसेल. प्रियाची शाळेची बस चौकात येते. बस्तीला जायला स्कूटर लागेल, तेवढं चालायचंच. पुढच्या बाजूला एक खोली जास्तीची आहे, उंबरा अगदी बुटका (दुखऱ्या गुडघ्यालाही जमेल असा, पण हे आपलं सहज लिहिलं). तिथं ज्वारीची पोती ठेवता येतील. मी फार खूश आहे. तू तिकडं स्वस्थ राहा, आमची काळजी करू नकोस.

तुझा
जिनपाल

ता. क. चंदनाला परवा फोनवर सगळी हकिगत सांगितली. ती एवढंच म्हणाली, "तुमी ह्ये सगळं मे म्हयन्यात बघितलासा." मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मार्गशीर्षात ऑफिस सुटून मी ड्रॉवरला कुलूप लावीपर्यंत सूर्य मावळलेला असणार, मग घर कंग्राळीत असो नाही तर ऑफिसच्या जिन्याखाली असो. हे तू पत्राच्या पहिल्या पानावरच ओळखलं असशील आणि हसली असशील. पण माझं तरी काय चुकलं? सूर्य कधी मावळतो ते मी जन्मात कधी बघितलंच नाही. तू हाक मारायचीस.

दुसरी ता. क. आमचे शाखाधिकारी भले आहेत. थंडीत सकाळी लवकर येऊन संध्याकाळी लवकर सुटायची त्यांनी मोकळीक दिली. पण कामात डोकं घातलं की मला वेळेचं भान राहत नाही. चंदनाला म्हटलं, तू फोन करत जा. ती म्हणाली, "मी करणार न्हाय. मी केला की तुमी 'आलोच' म्हणतासा आणि तासभर येत न्हाईसा. आक्कांनी हाक मारली की उठतासा." हे खरं आहे. तुझ्या फोनमधून तुझा आवाज इकडं येतो, एवढंच लागतं. आणि पुढच्या खोलीत पोती ठेवायची नाहीत. त्या खोलीतल्या खाटेवर बसलं की मष्णूच्या अंगणातला नारळ मुळापासून शेंड्यापर्यंत दिसतो. मी होकार दिला तो आधी तिथं बसून बघून दिला. म्हशीला गोठ्यात जागा आहे, शालूबाईला विचारून ठेवलंय. ती रोज विचारते, "तुमची आक्का कवा येणार?"

तिसरी ता. क. आक्का, शेंड्यावरचं ऊन आत्ताच गेलं. डबा शेजारी तसाच आहे. ये.