माझ्या जिभेला फसवणं अशक्य

३ मार्च
डॉक्टरकडे गेलो. ब्लडप्रेशर वाढलंय म्हणे. मीठ कमी करा, नाहीतर गोळी सुरू करावी लागेल आणि ती कायमची. डॉक्टर माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. टेबलावर शेंगदाण्याची पुडी. खारे शेंगदाणे. लोका सांगे ब्रह्मज्ञान.
घरी येताच हिने जाहीर केलं, उद्यापासून मीठ बंद. मी ठणकावून सांगितलं, अळणी खाऊन शंभर वर्षं कण्हत जगण्यापेक्षा चवीनं खाऊन साठाव्या वर्षी जाईन. मग लक्षात आलं, मला अठ्ठावन्नावं चालू आहे. वाक्य दुरुस्त केलं. पंच्याऐंशीव्या वर्षी.

४ मार्च
हा तत्त्वाचा प्रश्न आहे. तीस वर्षं रंगाच्या दुकानात शेड जुळवतोय. मोतिया कुठला आणि हस्तिदंती कुठला, दारातून सांगतो. जशी नजर तशी जीभ. मीठ चिमूटभर जरी कमी पडलं तरी पहिल्या घासाला कळेल, असं हिला बजावलं. ही म्हणाली, "बरं."
संध्याकाळी बटाट्याचं सूप. नेहमीसारखं चोख. घाबरली!

९ मार्च
ऑम्लेट नेहमीपेक्षा चांगलं. मिरी, कोथिंबीर, वर लिंबू. डॉक्टरचं ऐकायला निघाली होती, त्याची टोचणी लागली असणार.
ठराव: जेवणात शंका आली की ताट सरकवायचं. आज शंका आली नाही. तरी दुपारी सरकवून पाहिलं, वचक राहावा म्हणून. वाटलं होतं मनधरणी करील. हिने ताट उचललं, झाकून फ्रीजमध्ये ठेवलं आणि झोपायला गेली. चार वाजता फ्रीजसमोर उभ्या उभ्या सगळं गार खाल्लं. गारसुद्धा उत्तम होतं. तिला सांगितलं नाही.

१४ मार्च, शुक्रवार
घरी वचक बसला, पण माणसाला एक मोकळी जागा लागते. दुकानासमोरच्या हॉटेलात गेलो. घरी सांगितलं, स्टॉक मोजायचाय. खिडकीजवळचं टेबल. तळलेला मासा, बटाटे. काट्याने टोचला तर कुर्रकन आवाज! आतून लोण्यासारखा मऊ. डोळे मिटून खाल्ला.
मिशीवाल्या वेटरला विश्वासात घेतलं. म्हटलं, दर शुक्रवारी येणार, आमच्या घरी कळता कामा नये, आणि माझ्या माशाला मीठ चढतंच हवं. त्याने छातीवर हात ठेवला. खाल्ल्या मिठाला जागणारा माणूस दिसतो.
घरी पोट भरलंय म्हणालो. ही म्हणाली, स्टॉक मोजून भरलं का? मी म्हटलं, कामाचं समाधान.

२१ मार्च, शुक्रवार
मासा मागच्या वेळेपेक्षाही सरस. लसूण, मिरी. इतर टेबलांवर लिंबाची एकेक फोड, माझ्या प्लेटमध्ये चार! टेबलावरची मिठाची बाटली दिसली नाही म्हणून विचारलं, तर वेटर खाली वाकून म्हणाला, "साहेब, तुमचं सगळं शेफ स्वतः बघतात."
माणसाला जाणकार म्हणून ओळखलं जातं ते असं. माझी प्लेटसुद्धा वेगळी येते. आधी सगळ्यांच्या, मग एकटी माझी. शेजारच्या टेबलावरचा म्हातारा टक लावून बघत होता. हेवा.

५ एप्रिल
डॉक्टर. प्रेशर उतरलं! डॉक्टर खूश, ही खूश. "बघा, मीठ सोडल्याचा फायदा," डॉक्टर म्हणाला. मी मनात हसलो. घरी वचकाने पूर्ण मीठ, बाहेर चढतं मीठ, आणि तरी प्रेशर खाली. म्हणजे मिठाचा आणि प्रेशरचा काडीचाही संबंध नाही. हे जगाला कळायला हवं. सुरुवात घरापासून.

८ एप्रिल
मेहुणा आठवडाभरासाठी आलाय. हिचा धाकटा भाऊ. दारातच म्हणाला, "भावजी, काय फ्रेश दिसताय!" ठरलं. शनिवारी दोघांना हॉटेलात न्यायचं, त्यांच्यादेखत चढत्या मिठाचा मासा संपवायचा, हात पुसायचे आणि मग सांगायचं. मेहुणा साक्षीदार. हिचा चेहरा बघण्यासारखा होईल.
भाषणाची प्रॅक्टिस आरशासमोर. "मित्रहो" काढून टाकलं, दोघंच आहेत.

१२ एप्रिल, शनिवार
हात पुसायची वेळ आली नाही.
मेहुण्याला दुसऱ्याच्या ताटातलं उचलायची लहानपणापासूनची खोड. माझ्या माशाचा तुकडा तोंडात टाकला आणि चावता चावता थांबला. "भावजी, हे काय? आजाऱ्याचं जेवण? यात मीठच नाही!"
मी वेटरला हाक मारली. तो आला, पण माझ्याकडे बघेना. हिच्याकडे बघत होता. ओळखीच्या माणसाकडे बघतात तसा.
मग ही बोलली. पहिल्या शुक्रवारी मी चष्मा घरी विसरलो होतो. तो द्यायला ही दुकानात आली. मालकांनी समोरच्या खिडकीकडे बोट दाखवलं. खिडकीत मी, डोळे मिटलेला. दुसऱ्या दिवशी ही हॉटेलात जाऊन शेफला भेटली. मीठ बंद, लिंबू-लसूण वाढवा. घरी तर चार मार्चपासूनच बंद. स्वतःच्या ताटात ही वरून घेते.
मेहुणा इतका हसला की ठसका लागला. मी शांतपणे म्हणालो, मला पहिल्या घासालाच कळलं होतं, पण तुझं मन मोडवेना. कुणी वाद घातला नाही. वाद घातला असता तर बरं झालं असतं.
"रागावलात?" हिने विचारलं. मी बटाटे मोडत बसलो. तेव्हा ही हळूच म्हणाली, "आमच्या बाबांना असं कुणी फसवलं नाही हो. ते मागतील तसं वाढत गेलो आम्ही."
मेहुण्याचं हसू थांबलं. त्याने माझी प्लेट माझ्याकडे सरकवली. मी मासा संपवला. भाषण केलं नाही.

१३ एप्रिल
तरी सकाळी हक्काची मागणी केली. एक जेवण, पूर्ण मिठाचं, उघडपणे. ही म्हणाली, एकदाच, चालेल. दुपारी मासा तळला. माझ्या तुकड्याला माझ्यासमोर मीठ लावलं, पूर्वी लावायची तेवढंच. मेहुणा खुर्ची पुढे ओढून बसला.
पहिला घास घेतला. खारट. जीभ आखडली, डोळ्यांत पाणी. समुद्र चावल्यासारखं. दोघं बघत होते.
"कसा झालाय?"
"अप्रतिम," म्हणालो. पाणी प्यायलो. दुसरा घास उचलला, ठेवला. परत पाणी प्यायलो. मेहुण्याने जग माझ्याजवळ आणून ठेवला.
 हिने माझं ताट स्वतःकडे ओढलं, स्वयंपाकघरात गेली आणि कढईतला दुसरा तुकडा आणून वाढला. तो तळून तयारच होता.
दोनदा मागून घेतला.