अजून एक महिना

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गुडघ्यांची चौकशी आधीच करून घेतो, कारण पुढचं वाचल्यावर तू माझं काही ऐकून घेणार नाहीस.

थिएटर बंद झाल्याचं कळवलं होतंच. सत्तावीस वर्षं प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये काढल्यावर उजेडात काय करावं ते सुचेना. दिवसभर भुंग्यासारखा हिच्या मागे लागलो, तेव्हा हिनेच मला घराबाहेर काढलं. तर सांगायचं असं, की महिन्यापूर्वी मी लिफ्ट दुरुस्तीच्या कोर्सला नाव घातलं. तू शिकवायचीस त्याच केंद्रात.

हसू नकोस. वर्गात मी एक्कावन्नाचा, बाकीचे माझ्या निम्म्या वयाचे. पहिल्या दिवशी एकाने मला शिपाई समजून खडू आणायला पाठवलं. मी आणला. पण यंत्राशी आपलं जुनं सूत आहे, हात बसतो आहे.

शिकवायला एक मॅडम आहेत, चाळिशीच्या, बारीक आवाजाच्या. लिफ्टच्या डब्याच्या छतावर चढण्याआधीची प्रत्येक पायरी मोठ्याने बोलून करायला लावतात. दार उघडलं, स्टॉप दाबला, दार लावून बटण दाबलं, डबा हलत नाही, आता पाय टाकतो. एक शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून. गंमत म्हणजे त्यांच्या तोंडची निम्मी वाक्यं तुझी आहेत. घाई असेल तर घरी जा, हे तू मला गणित शिकवताना म्हणायचीस. तेच त्यांच्या तोंडून ऐकलं आणि अंगावर काटा आला.

रागवायचं असेल तरी पत्रातून रागव. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
टिल्लू


११ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि कपाटात टाकलं. कोर्स सोड.

या वयात शिकायची हौस असेल तर शिवण शीक, घड्याळं दुरुस्त करायला शीक. जमिनीवर बसून करता येईल असं काहीही शीक. पाचवीत असताना झाडावर चढलास, तेव्हा तुला उतरवायला मला अर्धी गल्ली गोळा करावी लागली होती. आता तर पोटही आलंय.

माझे गुडघे उत्तम आहेत. चार मजले रोज जिन्याने चढते-उतरते. शेजारीण विचारते, लिफ्ट असताना हे काय खूळ. मी म्हणते, व्यायाम.

त्या मॅडम कोण? माझी वाक्यं त्यांना कुणी शिकवली? मी सोडलं तेव्हा तिथे शिकवणारी बाई मी एकटीच होते. एवढं कळव, आणि कोर्स सोडलास हेही.

आहे तशी माया ठेव.

ताई


२० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अकरा वर्षांपूर्वी नोकरी सोडलीस ती गुडघ्यांपायी, असं तू आम्हा सगळ्यांना सांगितलं होतंस. आता लिहितेस की चार मजले चढते. प्रोजेक्टरवाल्याला रीळ कुठे तुटलंय ते लगेच कळतं, ताई.

काल आमचा छतावर चढायचा पहिला दिवस होता. चढण्याआधी मॅडमनी सगळ्यांना खाली बसवलं आणि सांगितलं, की त्यांचे यजमान इथेच शिकले होते. शिकायला त्यांनी आणखी एक महिना मागितला होता, तो कुणी दिला नाही. प्रमाणपत्र मिळाल्यावर नवव्या दिवशी एका इमारतीत छतावर उभे असताना लिफ्ट सुटली. स्टॉप दाबायचा राहिला होता आणि खालच्या मजल्यावर कुणीतरी बटण दाबलं. मॅडम तेव्हा एका शाळेत लेखनिक होत्या. नवरा कसा गेला ते कुणी नीट सांगेना, म्हणून त्यांनी स्वतःच या कोर्सला नाव घातलं. शिकल्या, चार वर्षं कामं केली, आता सहा वर्षं शिकवताहेत. ते घरी धडे पाठ करायचे आणि या ऐकायच्या. तुझी वाक्यं तिथून आली आहेत.

वर्गात त्यांनी तुझं नाव घेतलं नाही. मग मला एकट्याला थांबवलं. माझ्या अर्जावर ओळख म्हणून तुझं नाव आहे ना. म्हणाल्या, तुमच्या बहिणीला विचारा, माझ्या यजमानांनी महिना मागितला तेव्हा त्या काय बोलल्या. म्हणजे तो महिना तुझ्याकडे मागितला होता?

कोर्स सोडलेला नाही. उत्तराची वाट पाहतो.

टिल्लू


२७ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
आशीर्वाद.

त्याला आम्ही लंबू म्हणायचो. दारातून वाकून यायचा आणि आत आला तरी थोडा वाकलेलाच असायचा. डोकं तल्लख. वायरिंगचा नकाशा त्याच्याइतका झरझर कुणाला वाचता यायचा नाही. पण छतावर चढायची वेळ आली की हात थरथरायचे आणि क्रम चुकायचा. ते मी पाहिलं होतं, टिल्लू. प्रमाणपत्रावर सही व्हायच्या आदल्या दिवशी तो माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, बाई, मला अजून एक महिना ठेवा. मी मान वर न करता म्हणाले, पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही. दुसऱ्या दिवशी सही केली. माझ्या हाताखालचा कुणी मागे राहत नाही, याचा मला फार ताठा होता.

चौकशीत माझ्यावर काही आलं नाही. कागद चोख होते.

आता जे लिहिते ते कुणाला दाखवू नकोस, म्हणून वेगळ्या कागदावर लिहिते आहे. दुपारी दोनच्या सुमाराला आमची इमारत सामसूम असते. लिफ्ट वर जाते, आणि चौथ्या मजल्यावरून जाताना तिच्या छतावरून तीन ठोके येतात, पान्याने मारल्यासारखे. शिकाऊ माणूस वर नीट उभा राहिला की असे तीन ठोके द्यायचा. मग खालून मी एक द्यायचे, म्हणजे काम सुरू. मी दार उघडत नाही. ठोके थांबतात, पण उत्तरासाठी कुणीतरी खोळंबलंय हे मला इकडे खुर्चीत बसून कळतं. मेकॅनिकला दोनदा बोलावलं. तो म्हणाला, लिफ्ट ठणठणीत आहे. ते मलाही दिसतं. मी ठणठणीत आहे का, ते त्याला विचारलं नाही.

मॅडमना सांग, माफी मागायला मी येणार नाही. कोणत्या तोंडाने येऊ?

ताई


८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मॅडमना दाखवलं. ठोक्यांचा कागद घरीच ठेवला. आता मनसोक्त रागव.

त्यांनी ते उभ्यानेच वाचलं. रडल्या नाहीत. म्हणाल्या, माफी नको आहे, माझं त्यांच्याकडे वेगळंच काम आहे. मग जे सांगितलं ते आम्हा शिकणाऱ्यांना ठाऊकच होतं. सहा वर्षांत त्यांनी कुणालाही वेळेवर सोडलेलं नाही. आमच्यात एक मुलगी आहे, तिला सगळे चिमणी म्हणतात. दहा महिन्यांचा कोर्स, तिचं दुसरं वर्ष संपत आलं. हात दगडासारखे स्थिर. तरी सहीची वेळ आली की मॅडम म्हणतात, पुढच्या महिन्यात बघू. कंटाळून पाच जण तसेच निघून गेले आणि अर्ध्या शिक्षणावर ठेकेदारांकडे लिफ्टवर चढताहेत. मॅडमनी त्या पाचांची नावं मला एका दमात सांगितली.

म्हणाल्या, शिकवायला मी शिकले, पण माणूस तयार झाला हे कसं ओळखायचं ते मला कुणी शिकवलं नाही. बाईंना ते येत होतं. एकदा चुकलं म्हणून ते येईनासं झालं असेल, असं त्यांना वाटत नाही.

परीक्षा २१ तारखेला आहे, ती घ्यायला मॅडमनी तुला बोलावलंय. चिमणी प्रमाणपत्रासाठी आहे, मी छतावर चढायच्या पहिल्या परीक्षेला. आमच्याकडेच उतर.

टिल्लू


२४ मार्च

चि. टिल्लूस,
आशीर्वाद.

सुखरूप पोचले. तुला नापास केलं त्या दिवशी तुझ्या बायकोने मला आग्रह करकरून वाढलं. तिला बरंच वाटलेलं दिसतं.

तुझे हात चांगले आहेत. पण तू लिफ्टच्या दारात उभा असताना मी मुद्दाम मुलांची चौकशी केली, आणि माझ्याशी बोलायच्या नादात तू स्टॉप न दाबता पाय उचललास. मॅडमनी तुझा पट्टा धरला. समोरच्याला बरं वाटावं अशी तुझी धडपड असते. चारचौघांत तो गुण आहे, तिथे नाही. चिमणीला तसंच मध्येच विचारलं, तर तिने वळूनही पाहिलं नाही. क्रम पुरा केला, मग म्हणाली, बाई, आता विचारा. मी मॅडमना म्हटलं, बघायचं ते हे.

चिमणीच्या कागदावर मॅडमचा हात अडला. मी समोर बसून राहिले. चहा निवला. मग त्यांनी सही केली.

बाहेर आल्यावर तू मला म्हणालास, की अजून तयारी नाही असं तुलाही वाटत होतं. मग बोलला का नाहीस? पुन्हा वाटलं तर बोल. समोरच्याने मान वर केली नाही तर टेबल आपट.

ठोके थांबले का, असं विचारशील. नाही थांबले.

ताई


२ एप्रिल

आदरणीय बाईंस,
सा. न. वि. वि.

सोमवारी चिमणीचं पहिलं काम होतं, सहा मजल्यांची इमारत. मी सकाळपासून केंद्रात फोनपाशी बसून होते. साडेचारला तिचा फोन आला, काम झालं, खाली उतरले, भूक लागली आहे. तेव्हा मी दिवसातलं पहिलं पाणी प्यायले. तुमचे भाऊ पुन्हा पहिल्या धड्यापासून बसतात, कुरकुर नाही.

तुम्ही दिवसभर माझ्यासमोर होतात आणि एक गोष्ट मी बोलले नाही. लिहून तरी टाकते.

तुमच्या टेबलापासून ते त्या संध्याकाळी घरी आले. मी कपड्यांच्या घड्या करत होते. ते म्हणाले, बाई ऐकत नाहीत, पण उद्या मी प्रमाणपत्र घ्यायलाच जात नाही, महिनाभर आणखी शिकतो. मी म्हटलं, एवढा ताडमाड माणूस आणि पत्र्याच्या डब्याला भितो. ते हसले. मीही हसले. दुसऱ्या दिवशी ते गेले आणि प्रमाणपत्र घेऊन आले.

त्यांना कुणी एक महिना दिला नाही, असं मी दर तुकडीला सांगत आले. कुणी म्हणजे कोण, हे आजवर एकानेही विचारलं नाही, आणि मी सगळा राग तुमच्या नावावर टाकून मोकळी झाले. मोकळी झाले असं वाटलं, एवढंच. अजूनही घडी घालायला कपडा हातात घेतला की ते दाराशी वाकून उभे असतात आणि माझ्या उत्तराची वाट बघतात.

नवी तुकडी सुरू झाली आहे. मला माणूस सोडवत नाही, तुम्हाला आता सोडायची भीती वाटते. दोघी मिळून बसलो तर कदाचित योग्य वेळ कळेल.

हे वाचूनही लोभ उरला असेल, तर शनिवारी दहाला वर्ग आहे.

आपली विद्यार्थिनी