गडबच्या बंगल्यातला शुक्रवार

रविवार, १८ जानेवारी १९९८, संध्याकाळ

जमलं एकदाचं! गडबच्या बंगल्यातला स्विमिंग पूल आज आपोआप तापला. मी बसवलेली, घरभर दिवे-पंखे चालवणारी ती कंट्रोलची पेटी, तिनेच पहाटे आधी पंप लावला, मग हीटर. कोणी बटणाला हात लावला नाय. बंगल्याच्या मालकसाहेबांच्या आईंनी पायरीवर बसून दुखरे गुडघे पाण्यात सोडले.

गेले दोन रविवार साहेब सुट्टीला आले तेव्हा पाणी गारच होतं. साहेब चिडले, "पुढच्या खेपेला मुंबईचा माणूस आणतो." मी हीटरची वायर न् वायर तपासली. चुकलं कुठे? शेवटी काल माळी सहज बोलला, "शुक्रवारी मातुर पानी मस्त गरम असतं. मला वाटला, तसाच हाय."

शुक्रवारी! पेटीत सुट्टीचा वार मीच भरला होता, बारा वर्षं मस्कतला नोकरीत भरायचो तसा; तिथे सुट्टी शुक्रवारची. घरी सांगितलं तर बायको हसत सुटली, "अवो, तुमी अजून मस्कतलाच हाव!"

वार बदलला, आणि आज त्या गुडघ्यांना ऊब मिळाली. आई साहेबांना म्हणाल्या, "मुंबईचा कशाला? माणूस इथलाच ठेव."

व्हय, इथलाच. आजपासून माझीपण सुट्टी रविवारी.