मायचं कोहळं

सावली, १६ जानेवारी १९५५

आज आमच्या मास्तरायनं मायच्या कोहळ्याच्या बिया जाळल्या. आंघोळीचं पाणी तापवायले.

सरपण ओलं होतं म्हणते. घरामागच्या सांदवाडीतल्या भितीवर, वळचणीखाली, बियांची गोवरी थापली होती. शेणात बिया दाबून ठेवल्या की उंदीर लागत नाई, कीड लागत नाई. दरसालची रीत. वर कुंकवाची टिकली लावली होती, का ही जाळाची नव्हे म्हणून. पोट्ट्यायच्या पाटीवरची चुकलेली वेलांटी यायले लांबून दिसते, घरच्या भितीवरची टिकली दिसत नाई.

राख चाळून पाह्यली. काय सापडते त्यात.

१७ जानेवारी

बोलली नाई. भाजी अळणी वाढली. त्यायनं निमूट खाल्ली, त्यानं आणखीच राग आला.

यायले वाटते, एक कोहळंच तं होतं. मायनं ते पहाडावरून, जिवतीच्या तिकडून, पदरात बांधून आणलं होतं. तिले एका गोंड बाईनं देल्लं. लहानसं, हिरवंकाळं. शिंक्यात टांगलं तं आषाढापर्यंत टिकते. घरात भाजीचं पान नसते तवा हेच खाली काढायचं. माय गेली, भाऊ गेला, पहाडावरचं घर पडलं. हे राह्यलं होतं. त्यातही औंदा वान्नरायनं मांडव मोडला, एकच कोहळं हाती आलं. त्याच्याच ह्या बिया.

संध्याकाळी शाळेतल्या फुटक्या पाट्या घेऊन आले, वाफ्याले कड लावायले. कड चांगली दिसते. तरी बोलली नाई.

२ फेब्रुवारी

चंद्राकडं गेली. (यापुढं चं. मास्तर म्हणते शाई वाचव.) काट्याच्या कुपाटीच्या पलीकडची. आम्ही दोघी एकाच वर्सी लगीन होऊन या गल्लीत आलो. तिच्या घरी विहीर, माया घरी बिया, तवापासून असंच चाललं. तिचा मालक गेला तवा घरात चूल पेटत नव्हती. मीच तिले सांदवाडी लावून देल्ली. तांदळाचं धोवन कुठी टाकायचं, राखड कवा मारायची, माव्यावर तंबाखूचं पाणी कसं शिंपडायचं, सगळं. कोहळ्याच्या बिया पण देल्या. गावात बाकीच्यायले देल्या होत्या त्यायनं भाजून खाल्ल्या. हिनंच तेवढ्या जगवल्या.

गोवरीची गोष्ट सांगतली तं मले रडूच आलं. ती म्हणे, "काऊन रडते सुभद्रे? माया घरी हाये ना. पेरायच्या टायमाले देते. बी मागतलं तं कोणी नाई म्हणते का?"

मायचंच बोलणं. बी मागतलं तं नाई म्हणू नये, अन् बी विकू नये. घरी येऊन मास्तरायले चहा करून देल्ला. गूळ जास्त टाकला.

५ मार्च

ऊन आतापासूनच चावते. झिरपणारे माठ कुंभाराकडून फुकट आणले (त्याले तरी ते काय कामाचे). बुडाच्या भोकात चिंधीची वात घातली, वांग्यायच्या मधात गळ्यापर्यंत पुरले. सकाळी एकदा भरले का दिवसभर झाडं आपापलं पितात. मास्तर म्हणते, हे तुले कोणी शिकवलं? मी म्हटलं, आळसानं.

न्हाणीचं पाणी धोप्याले (मास्तर त्याले अळू म्हणते). धोप्याची पानं हत्तीच्या कानाएवढी झाली, आज वड्या केल्या. चं.ले वाटीभर देल्या. ती आपल्या विहिरीवरून माया घरी दोन घागरी जास्त भरून गेली.

२७ मार्च

बाजार. चं.च्या पुढ्यात गर्दी. मायचं कोहळं मांडलं होतं, फोडी करून. अख्खं एकही नाई. पोट खरवडून साफ, एक बी लागलेली नाई. मी म्हटलं, बिया कुठी ग? म्हणे पोरीले, शकूले, भाजलेल्या आवडतात.

धान गिरणीवरच्या खानावळीचा माणूस आला. विचारते, "चंद्राबाईचं कोहळं हाये ना आज?" चंद्राबाईचं. उलसं लागलं मनाले. पण ती बाजारात बसते, तिचंच नाव होईन. मी थोडीच बसते.

अखाजी

शकू माहेरी आली. चं.ची एकुलती एक पोरगी, औंदाच लगीन झालं, गडचांदूरकडं देल्ली. लहानपणी माया सांदवाडीतच असे, मातीच खायची. आल्याबरोबर कुपाटीतून घुसली अन् झाडावरचे दोन भेदरं (मास्तर टमाटे म्हणते) तोडून खाल्ले, रस हनुवटीवर. म्हणे, मावशी, तिथी घराच्या मागं नुसता चुनखडक हाये, तरोटा पण उगवत नाई. मी तिले सांगतलं, फुटक्या टोपल्यात माती भर, खाली पालापाचोळा टाक, खडकावर ठेव. भाजीले काय माहीत खाली खडक हाये का काय.

लय दिवसानं घर भरल्यासारखं वाटलं.

८ जून

चं.नं बिया देल्या. पळसाच्या पानात बांधून, दोरा गुंडाळून. चांगली मूठभर. माया हातावर ठेवताना म्हणे, "घे. आता मले बोल लावू नको." मी म्हटलं, तुले काऊन बोल लावू?

बिया पांढऱ्या, भरलेल्या. पळसाचे द्रोण केले, त्यात कुजलेला पाला, माती, चिमूटभर राखड. द्रोणासकट जमिनीत ठेवलं का मुळाले धक्का लागत नाई. तीन बिया अडीअडचणीसाठी काढून ठेवल्या. सगळं झाल्यावर मातीले हात लावून कपाळाले लावला. मास्तरायनं पाह्यलं, पण हासले नाई. सुधरले.

१७ जून

पाऊस नेमाचा. काहीच वर आलं नाई. मुंग्या असतीन. हळद टाकली.

२४ जून

पलीकडं चं.चे वेल चार पानावर. कुपाटीतून दिसतात. इथी माया द्रोणात गवत उगोलं, कोहळं नाई.

तिले म्हटलं तं म्हणे, तुया जागेले सावली झाली असन. कुठली सावली? तीच जागा, तीच माती. मीच काही चुकली असन. खोल पुरल्या का? राखड जास्त झाली का? दिवसभर तेच डोक्यात. मास्तर म्हणते, जेव तरी.

२८ जून

एक द्रोण उकरून पाह्यला. बी जशीच्या तशी. फुगली, पण फाटली नाई. दाबली तं आतून पाणी निघालं, घाण वास.

सगळे द्रोण उकरले. सगळ्यात तसंच.

६ जुलै

ठेवलेल्या तीन बिया ओल्या फडक्यात बांधून चुलीच्या ओट्यावर, ऊब लागन अशा ठेवल्या होत्या. रोज उघडून पायते. दोन सडल्या. तिसरी आज फोडली अन् तोंडात टाकली. काऊन टाकली माहीत नाई, हातच गेला.

कच्च्या बीची चव मले माहीत हाये. हिरवी, उलशी कडवट. लहानपणापासून दाताखाली फोडल्या आहेत. ही शिजलेली होती.

पुन्हा चावून पाह्यली. शिजलेली.

बसून राह्यली तिथीच. भात लागला, मास्तरायनं येऊन गंज उतरवला.

७ जुलै

विहिरीवर गाठली. ती दोर ओढत होती.

मी म्हटलं, "चंद्रे, तू बिया उकडून देल्या."

घागर वर आली. तिनं ती काठावर ठेवली, मगच बोलली. "उलशा गरम पाण्यातून काढल्या. लवकर उगोल्या पाहिजे म्हणून."

"तुया वाडीतल्या काढल्या होत्या का गरम पाण्यातून?"

ती दोराचं वेटोळं करत राह्यली. मले वाटलं आता रडन, पाया पडन, मी पण रडीन अन् मिटन. तसं नाई झालं. तिनं मान वर केली अन् म्हणे, "तुया घरात मास्तरचा पगार येते. मले हे कोहळंच हाये. तू तं ज्याले त्याले फुकट वाटत सुटते. गावभर झालं तं माया फोडी कोण घेईन?"

मग घागर कमरेवर घेताना: "अन् मी तुले नाई तं म्हटलं नाई ना."

खरं हाये. तिनं 'नाई' नाई म्हटलं. मागतलं अन् देल्लं, रीत पाळली. पळसाच्या पानात बांधून, दोरा गुंडाळून देल्लं. नाई म्हटलं असतं तं चार दिवस अबोला धरला असता, झालं असतं. हिनं माया हातानं मले मेलेलं पेरायले लावलं, अन् महिनाभर मी माया मातीले शिव्या देत बसली. हिनं केसानं गळा कापला माया.

८ जुलै

मास्तरायले सांगतलं. म्हणते, जाऊ दे, कार्तिकात बाजारातून एक आणू.

बाजारातून. मायचं कोहळं मी पैसे देऊन आणू? अन् ती बिया ठेवते का आत? आता कळलं मार्चात पोट काऊन खरवडलं होतं. शकूले आवडतात म्हणे. डोळ्यासमोर होतं अन् मी धोप्याच्या वड्या पोचवत होती.

१० जुलै

तिच्या विहिरीचं पाणी बंद. सरकारी विहिरीवर जाते. लांब पडते, चिखल हाये, एकदा घसरली.

न्हाणीच्या पाण्याचा एक फाटा तिच्या वेलाकडं मीच काढून देल्ला होता. तो कुदळीनं बुजवला. भर पावसाळ्यात! तिच्या वेलाले कोण विचारते न्हाणीचं पाणी. कुदळ टाकून आपलंच हासू आलं, मग रडू.

नागपंचमी

आज कापायचं नाई, खणायचं नाई, चिरायचं नाई. नुसतं बसायचं. बसलं की पलीकडचे वेल दिसतात. घराच्या कवेलूवर चढले. पिवळी फुलं. सकाळी उघडतात तवा माय मले उठवून दाखवायची.

खरं सांगायचं तं ती मले रोज आठवते. चंद्रा. कोहळ्याहून जास्त. काल दुपारच्याले धोप्याच्या वड्या केल्या अन् जास्तीची वाटी भरून ठेवली, मग ध्यानात आलं. मास्तरायनं दोन्ही वाट्या खाल्ल्या.

पोळा

तिनं बैलायले ओवाळलं, मी ओवाळलं. एका आळीत, पाठीले पाठ लावून. कोणी काही बोललं नाई, पण बायाईले कळते. राधाबाई विचारते, काऊन ग, तुमचं काय झालं? सांगून काय सांगू? बी देल्लं तिनं मले, गावाले हेच दिसन.

मी म्हटलं, काही नाई.

३० ऑगस्ट

धोंड्याचा महिना, पलीकडं जावई आला. शकू पण. पोटुशी हाये, चेहरा भरला. कुपाटीतून घुसता येत नाई आता, फिरून दारातून आली.

बसली. पाणी प्याली. सरकारी विहिरीचं हाये हे तिले कळलं असन का? म्हणे, मावशी, तू म्हटलं तसं टोपल्या ठेवल्या खडकावर, भाजीवर टाकायचा हिरवा सांभार उगोला. सासू लय खूश. आता भेदरं लावायचे हायेत, पोटात पोरगं हाये तं मले आंबट लय लागते. बी देशीन का?

मी पाण्याची लोटी उचलून ठेवली. तिले वाटलं मी विसरली. हासून म्हणे, "आईनं सांगतलं, मावशीले माग, ती कदी कोणाले नाई म्हणत नाई."

आईनं सांगतलं. कसं सांगतलं असन तिनं? माया तोंडावर तं मागवलं नसतं तिच्यानं, पण पोरीले धाडताना मनात काय होतं? लाज नाई वाटली का? का तिले खरंच वाटते की मी तशीच हावो अजून? तेच जास्त झोंबते.

मी म्हटलं, उद्या सकाळी ये.

३१ ऑगस्ट, सकाळ

भेदरायच्या बिया मी जुन्या धोतराच्या धडप्यावर चोळून वाळवते. रसासकट चिकटतात, वर्सभर काही होत नाई. पेरताना धडपा फाडून तसाच मातीत ठेवायचा. पेटीतून काढला. मास्तरायचं धोतर, कड अजून दिसते.

हे चांगलं बी हाये. पातळ सालीचे, झाडावरच फुटेपर्यंत गोड होणारे. शकूनं लावले की आईले देईनच, पोरगी हाये ती. मग पुढच्या उन्हाळ्यात बाजारात चंद्राबाईचे भेदरं.

अन् नाई देल्लं तं गेलेली माय काय म्हणन, ते मले झोपेत पण ऐकू येते. नाई म्हणू नये.

नाई म्हणायची गरजच काय. ते तं शिकली आहो मी आता. देल्लं असं दिसन, पळसाच्या पानात बांधून, वरून दोरा. टोपल्यात काही उगोलं नाई तं शकू चुनखडकाले बोल लावन. मले नाई.

लहानपणी माती खायची म्हणून मी तिच्या तोंडात बोट घालून काढायची. चावायची माया बोटाले.

चुलीवर पाण्याचा गंज ठेवला हाये. मास्तरायनं विचारलं, आंघोळीचं का? मी गंजावर झाकण ठेवलं. ते उगाच चुलीपाशी उभे राह्यले, मग शाळेत गेले.

शकू दारातून हाक मारून राह्यली. धडपा मांडीवर हाये, पाणी अजून कोमट हाये.