घरातल्या टीबीविषयी खुलासा

ती. गोदूताईस,

सुंदराचा नमस्कार. (साष्टांग म्हणणार होते, पण गुडघे ऐकत नाहीत, घातला असं समज.) वाईची हवा तुला मानवते आहे असं तुझ्या सुनेकडून कळलं. तुलाच विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून तिला विचारलं. नवी कवळी केलीस म्हणे. जुनी टाकू नकोस, घरातल्या घरात वापरायला होईल.

आमच्याकडे सगळे ठीक. घरात टीबी आहे हे तुझ्या कानावर आलंच असेल, कारण तुझा भाचा माधव ते गावभर सांगतो आहे. बातमी खरी आहे. एक नाही, दोन टीबी आहे. चारसुद्धा मिळत होता, पण श्रीधर म्हणाला, दोन पुरे.

आता नीट ऐक. धान्याला जशी पायली, तसं कॉम्प्युटरच्या पोटात किती मावतं त्याचं माप म्हणजे टीबी. (मलाही हे मागच्याच आठवड्यात कळलं, पण मी माहीत असल्यासारखी मान हलवली होती.) आमच्या कॉम्प्युटरचं पोट भरलं होतं. निवृत्त झाल्यापासून श्रीधरला पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद लागलाय, आणि मंडईमागच्या आमच्या गॅलरीत पक्षी म्हणजे कबूतर. एकच कबूतर, निरनिराळ्या बाजूंनी. सूनबाईचे, वासंतीचे, भोंडल्याचे व्हिडिओ वेगळे. त्यात प्रत्येक बाई मधे उभी आहे. मग एक दिवस ते यंत्र म्हणालं, जागा नाही. कुणाचं काय पुसायचं यावर नवराबायकोचं बोलणं झालं. तू आमच्याकडे जेवलेली आहेस, तेव्हा ते कसं झालं असेल ते सांगत बसत नाही. शेवटी ठरलं की काही पुसायचं नाही, आणखी एक डिस्क आणून जागाच वाढवायची. (जागा वाढवताय म्हणे, असं विचारायला सोसायटीचे सेक्रेटरी वर येऊन गॅलरी मोजून गेले. त्यांना चहा दिला नाही.)

आमचा वरद हडपसरला कॉम्प्युटरचंच काम करतो. तो म्हणाला, बाबा, मी बसवतो. आता मुलाने बापाला शिकवायचं म्हणजे श्रीधरला उष्णता होते. त्याने कसबा पेठेतल्या फैझलच्या दुकानातून डिस्क आणली, जेवायच्या टेबलावर कॉम्प्युटरचं पोट उघडलं, आणि स्क्रू ठेवायला माझी हळदीकुंकवाची वाटी घेतली. बसवून झाल्यावर वाटीत स्क्रू उरले. श्रीधर म्हणाला, कंपनीवाले जास्तीचेच देतात. असे उदार कंपनीवाले मी या वयापर्यंत पाहिलेले नाहीत.

मग यंत्र सुरू केलं, तर नव्या डिस्कचा पत्ता नाही. श्रीधरने फैझलला फोन लावला. श्रीधर फोनवर कसा बोलतो तुला ठाऊक आहे. त्याला फोनची गरज नसते, कसब्यात तसंही ऐकू गेलं असतं. मी बाजूलाच शेंगा निवडत होते म्हणून शब्द न् शब्द सांगते. "हां, फैझल, दोन टीबी घरात आलाय, पण दिसत नाहीये. बाहेरून काहीच कळत नाही. जुना होता तो तर आता वाचतच नाही. रात्रभर नुसती खरखर. वरदच्याच खोलीत, दुसरीकडे कुठे ठेवणार? नाही नाही, अजून कुणाला बोललो नाही. म्हटलं, आधी घरच्या घरी बघू."

(डिस्कसुद्धा वाचते, हे मला नवीन होतं. मला कधी वाचता आलं नाही, तरी मी अजून वाचले आहे.)

दार लोटलेलं होतं. दारात तुझा माधव. मंडईत आला होता, म्हणाला असेल व्याह्यांकडे सहज डोकावू, त्याच्या कादंबरीचं आणि आमच्या वरदचं लग्न जवळजवळ ठरलेलंच आहे. मला तेव्हा काही माहीत नाही, मी गॅलरीत साली टाकायला गेले तर खाली एक गृहस्थ नाकाला रुमाल लावून, मागे न बघता चाललेला. दाराशी मटारची पिशवी तेवढी राहिली. ती आम्ही परत केली नाही. मटार कोवळे होते.

दुसऱ्या दिवशी माधवचा निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका उत्तम जुळते म्हणून याच माणसाने आम्हाला पेढे आणून दिले होते. पुढे त्याची बायको वासंतीला भाजी घेताना भेटली, तिचा हात लांबूनच हातात घेतल्यासारखं केलं आणि म्हणाली, औषधाचा कोर्स अर्धवट सोडू नका हं. वासंती घरी येऊन विचार करत बसली की आपल्याला झालंय काय. मग मला शेंगा निवडतानाचं ते बोलणं आठवलं आणि सगळा उलगडा झाला.

श्रीधरला वाटतं, फोन करून खुलासा करावा. मी म्हटलं, करायचा नाही. उद्या खरोखर कुणाला टीबी झाला तर औषधाने बरा होतो. सरकारी दवाखान्यात मिळतं. पण आजारी घर म्हटल्यावर मटार टाकून पळणारा माणूस कशाने बरा होतो ते मला माहीत नाही. तेव्हा मोडलं तर मोडलं. पुण्यात मुलींना काही तोटा नाही. वरद समजूतदार आहे, वेळेवर जेवतो. डिस्कही आता दिसू लागली आहे; विजेची वायर लावायचीच राहिली होती. कबुतरं सुखात आहेत. तब्येतीला जप.

तुझी,
सुंदरा

ता. क. वरद जेवतो, पण आमटी दुसऱ्यांदा मागत नाही. रात्री कुणाशी फोनवर बोलतो ते मुद्दाम हळू बोलतो, म्हणजे तो श्रीधरचा मुलगा उरलेला नाही. माधव तुझं ऐकतो. त्याला तेवढं टीबीचं समजावून सांग. मी सांगितलं असं म्हणू नकोस, तुझं तुला कळलं असं म्हण.

ता. क. आणखी एक. गेल्या रविवारी कादंबरी एकटी आली होती. तोंडाला रुमाल नाही. पिशवीत अंडी, खजूर आणि शेंगदाण्याची चिक्की, कारण पेशंटला ताकद पाहिजे असं कुणीतरी तिला सांगितलेलं. मला विचारलं, आजी, कोणाला आहे. मी म्हटलं, आत टेबलाखाली आहे, बघून ये. ती खरोखर गेली. वायर तिनेच लावली. श्रीधर बॅटरी धरून उभा होता. तेव्हा वर "मुलींना तोटा नाही" असं जे आहे ते खोड.

ता. क. तिसरा. गोदूआजी, अक्षर तू पहिल्याच ओळीला ओळखलं असशील. आजी सांगत होत्या तसं लिहिलं, बाबांबद्दलचंसुद्धा. ते वाक्य मी दोनदा खोडलं, त्यांनी दोन्ही वेळा परत लिहायला लावलं. वाचता येत नाही तरी खोडलेलं त्यांना बरोबर दिसतं. बाबांना वाटतंय मी ऑफिसात आहे. फोनवर त्यांना पत्र कुणी लिहिलं ते कृपया सांगू नकोस.

आजी म्हणतायत, सांगच.

कादंबरी